शेजार, शिक्षण आणि कामाची वाट

मराठीत नोकरी ‘लागते’, धंदा ‘टाकला’ जातो आणि ऊसतोडीला माणूस ‘जातो’. कामात प्रवेश करण्याच्या वाटा निरनिराळ्या असतात, हे या क्रियापदांनी आधीच नोंदवून ठेवले आहे.

बीड जिल्ह्यातील केज तालुक्याच्या युसूफ वडगावसारखे एखादे गाव डोळ्यांसमोर आणा. या भागातील तरुणाला ऊसतोडीचे काम शोधावे लागत नाही. मुकादम बहुधा भावकीतला, गावातला किंवा ओळखीचा असतो. हंगामापूर्वी तो उचल देतो. ती ऊस तोडून फेडायची असते. अर्ज नाही, मुलाखत नाही, गुणपत्रिका तर नाहीच.

‘कोयता’ हा शब्द पाहा. अभिधेने ते हत्यार होय; फडाच्या भाषेत मात्र लक्षणेने तोडणी करणारी जोडी, बहुतेक वेळा नवरा-बायको. उचल ठरते ती कोयत्यामागे. साहजिकच लग्नाखेरीज कोयता पुरा होत नाही. जिल्ह्यातील बालविवाहांची जी कारणे सांगितली जातात, त्यांत हेही एक आहे. एका शब्दाच्या अर्थविस्तारात एवढी समाजरचना क्वचितच सामावलेली आढळते. मुले आईवडिलांबरोबर फडावर गेली की पाच-सहा महिने शाळा सुटते. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिली, तर टिकण्याची शक्यता असते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये बोस्टनजवळच्या नोकरदारांविषयी एक निरीक्षण मांडले. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी १७ टक्क्यांहून कमी लोकांची ती ओळख नित्य भेटीतली होती. बाकीच्यांना वाट दाखवली ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी. जवळच्या माणसांना आपल्याइतकेच ठाऊक असते. नवी बातमी दूरची ओळख आणते. आपल्याकडे शेजार काम तत्काळ देतो, परंतु स्वतःजवळ असलेलेच देतो.

शिक्षणाचे मोल येथे पदवीपुरते मोजू नये. अंबाजोगाईच्या महाविद्यालयात जाणाऱ्याला ग्रंथालयात, वसतिगृहात, अगदी एसटीतही परगावची माणसे भेटतात. शिवाय अर्जाची आणि मुलाखतीची प्रमाणभाषा कानावर पडते. दूरशिक्षणात पुस्तक घरी येते, ओळखी येत नाहीत. म्हणून संपर्कसत्रांना केवळ हजेरीपुरते जाणे मला मोठे नुकसान वाटते.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील पाच तरुणांना पहिले काम कोणाकडून कळले, ते विचारा. त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि त्यांनी वापरलेली क्रियापदे अधोरेखित करा.