अंगठ्याने दिलेला धडा

दोन वर्षांपूर्वी, ऐन पोंकाच्या दिवसांत, मध्यरात्री उजव्या पायाचा अंगठा असा ठणकला की चादरीचा स्पर्शही सोसवेना. रक्तातील युरिक ॲसिड ९.२! आयुर्वेदात ज्याला ‘वातरक्त’ म्हटले आहे, तोच हा गाउट.

बालरोगतज्ज्ञ असूनही मी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे ऐकले. वरण, पापडी, उंधियू वर्ज्य केले, गोळी टाळली आणि ‘नैसर्गिक’ म्हणून रोज उसाचा रस घेऊ लागलो. तीन महिन्यांत दुसरा झटका आला. मग शोधनिबंध उघडले.

अमेरिकेत आरोग्यक्षेत्रातील सुमारे ४७ हजार पुरुषांच्या १२ वर्षांच्या निरीक्षणातून २००४ साली दिसले, की मांस-मासळीने गाउटचा धोका वाढतो, प्युरीनयुक्त भाज्या व कडधान्यांनी नाही. कमी स्निग्धांशाच्या दुधाने तर तो घटतो. उलट, रसाच्या साखरेतील फ्रुक्टोज यकृतात युरिक ॲसिड वाढवते.

आज ताटात पापडी आहे, ताक आहे. मटण-कोळंबी क्वचित, रस बंद. तरीही आहाराने पातळी जेमतेम एक मिलिग्रॅम उतरली. सहाच्या खाली आणली ती ॲलोप्युरिनॉलने.

‘ऐकीव सल्ल्यावर बाळाचे औषध टाळू नका,’ असे मातांना नित्य बजावणाऱ्या मला हे अंगठ्याने शिकवावे लागले!