व्हिएन्नाचे वृंदगायन – लेखांक पाचवा : योहान हेरबेक
मठांतील बालगायकांची परंपरा गेल्या लेखांकात आपण पाहिली. त्याच परंपरेत वाढलेल्या, परंतु मठाच्या भिंतींबाहेर येऊन एका संगीतवेड्या राजधानीच्या श्रवणाला नवे वळण लावणाऱ्या योहान हेरबेकचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. २५ डिसेंबर १८३१ रोजी व्हिएन्नातील एका शिंप्याच्या घरी तो जन्मला. घरची स्थिती बेताची. परंतु कंठ गोड असल्यामुळे हायलिगेनक्रॉइट्सच्या मठात बालगायक म्हणून त्याला आश्रय मिळाला. रचनाशास्त्राचे थोडे शिक्षण सोडले, तर पुढची सारी विद्या त्याने स्वाध्यायाने संपादन केली, आणि १८५२ साली पियारिस्ट पंथाच्या चर्चमध्ये वृंदनायकाची जागा मिळवली.

१८५६ मध्ये शहरातील सुप्रसिद्ध पुरुष-गायक मंडळाची धुरा त्याच्याकडे आली, आणि १८५८ मध्ये संगीतप्रेमींच्या संस्थेच्या आश्रयाखाली त्याने स्त्रीपुरुषांचा संयुक्त वृंद, ‘झिंगफेराइन’, उभा केला. हे गायक पेशेवर नव्हेत, हौशी नागरिक होते. दिवसाचा कामधंदा आटोपून तालमीला येणाऱ्या अशा माणसांकडून उच्च, मध्य आणि खर्ज स्वरांच्या पंक्ती एकजीव करून घेणे, हे वाद्यवृंदाला इशारा करण्याहून निराळे आणि, माझ्या मते, अधिक चिकाटीचे काम आहे. १८६६ मध्ये तो दरबारी संगीतनायक झाला आणि १८७० ते १८७५ या काळात दरबारी ऑपेराचा कारभारही त्याने पाहिला. पण त्याचे खरे कर्तृत्व या हुद्द्यांत नाही, इतरांचे विस्मृतीत पडलेले संगीत शोधून काढण्यात आहे.

फ्रान्झ शूबर्टने १८२२ साली एक सिंफनी आरंभिली आणि दोन भाग पुरे करून सोडून दिली. तिचे हस्तलिखित ग्राट्सजवळ राहणाऱ्या आन्सेल्म ह्यूटेनब्रेनर या त्याच्या वृद्ध मित्राजवळ पडून होते. १८६० साली आन्सेल्मच्या भावाने ही वार्ता हेरबेकला पत्राने कळवली. परंतु हस्तलिखित मागावे कसे, हा प्रश्न होता, कारण आपल्या स्वतःच्या रचनांची उपेक्षा झाल्याचे शल्य त्या वृद्धाच्या मनात घर करून होते. १८६५ मध्ये हेरबेक स्वतः तेथे गेला, आणि आरंभी शूबर्टचे नावही न काढता, तुमचीच एखादी रचना व्हिएन्नात वाजवण्याची परवानगी मागावयास आलो आहे, असे त्याने सांगितले. म्हाताऱ्याने हर्षभराने त्याला घरी नेले, आपले कागद पुढे मांडले. हेरबेकने त्यांतील एक ओव्हर्चर निवडले, आणि मग सहज विचारावे तसे शूबर्टचे काही अप्रकाशित आहे का, असे विचारताच भरगच्च खणातून ते हस्तलिखित बाहेर आले. १७ डिसेंबर १८६५ रोजी शूबर्टची ती ‘अपूर्ण’ सिंफनी जगाने प्रथम ऐकली, आणि त्याच मैफलीत, दिलेल्या शब्दाला जागून, ह्यूटेनब्रेनरचे ओव्हर्चरही वाजले. हा शब्द पाळला गेला, याचे मला त्या शोधाइतकेच मोल वाटते.

हीच दृष्टी आन्टोन ब्रुकनरच्या बाबतीत दिसते. १८६१ च्या नोव्हेंबरात त्याच पियारिस्ट चर्चमध्ये ब्रुकनरची परीक्षा झाली. ऑर्गनवर तत्काळ विस्तारण्यासाठी दिलेला विषय हेरबेकने मुद्दाम लांबवून कठीण केला, आणि वादन संपल्यावर, खरे तर यानेच आमची परीक्षा घ्यावयास हवी होती, असे उद्गार त्याने काढले. १८६८ मध्ये ब्रुकनरला व्हिएन्नाच्या संगीतविद्यालयात आणण्यामागे खटपट त्याचीच. व्हिएन्नाच्या फिलहार्मोनिकने नाकारलेली ब्रुकनरची तिसरी सिंफनी आपल्या मैफलीत वाजवण्याचे त्याने ठरवले होते; परंतु २८ ऑक्टोबर १८७७ रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याचे देहावसान झाले. १६ डिसेंबरला संचालनाला ब्रुकनर स्वतःच उभा राहिला, आणि भागामागून भाग संपत गेला तसतसे श्रोते सभागृह सोडून गेले. शेवटी उरलेल्या मूठभर लोकांत टेओडोर रेटिग हा प्रकाशक होता. त्याने स्वखर्चाने ती रचना छापण्याचे पत्करले, आणि तिचे चार हातांच्या पियानोसाठी रूपांतर करण्याच्या कामात विद्यार्थिदशेतील गुस्टाव्ह माहलरचा हात लागला.