कस्टम स्टील सायकल: चिमटा आधी ठरवा, फ्रेम नंतर



आज असं एक प्रॉडक्ट बघू, ज्यात ग्राहक मोठी रक्कम आधी देतो, काही महिने थांबतो, आणि माल आवडला नाही तर परत करायची सोय जवळपास नसते. ते म्हणजे अंगाच्या मापाने बनवलेली स्टीलची रोड बाईक. फ्रेम आणि फोर्क, म्हणजे आपल्या दुकानातल्या भाषेत चिमटा.

तुम्हाला प्रीमियम सायकलचं दुकान काढायचं असो, फिटिंगचा सर्व्हिस बिझनेस असो, किंवा कुठलाही ऑर्डरप्रमाणे बनवायचा धंदा असो, ही केस नीट समजून घ्या.

ग्राहक काय विचारतो?

पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पाइप कुठला? रेनॉल्ड्स की कोलंबस?" दोन्ही नावं मोठी आहेत. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १८९७ मध्ये बटेड पाइपचं पेटंट घेतलं. यात पाइपची टोकं जाड आणि मधला भाग पातळ असतो, उदाहरणार्थ ०.८, मग ०.५, परत ०.८ मि.मी. जोडावर ताकद मिळते आणि मध्ये वजन वाचतं. कोलंबस इटलीतल्या मिलानची, १९१९ पासूनची.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. साधं स्टील असो की महागडं, त्याचा मूळ ताठपणा जवळपास सारखाच असतो. महाग स्टीलमध्ये ताकद जास्त असते, म्हणून भिंत पातळ ठेवता येते आणि फ्रेम हलकी होते. ऐंशी-नव्वद किलोचा माणूस सामान लादून फिरणार असेल, तर त्याला सगळ्यात पातळ पाइप विकणं ही सेवा नाही. म्हणून पाइपचा प्रश्न यादीत शेवटी ठेवायचा.

मग आधी काय?

*१. वापर.* रेस, रविवारची राइड की २०० कि.मी.ची ब्रेव्हे? पावसाळ्यात घाटात जाणार का? मडगार्ड लागणार का? टायर २५ मि.मी.चा की ३२ चा? ब्रेक रिमचा की डिस्कचा? इथेच अर्धं डिझाइन ठरतं. डिस्क ब्रेकचा जोर चिमट्याच्या एका पायावर येतो, त्यामुळे तो चिमटा वेगळाच बनतो. रिम ब्रेकची फ्रेम नंतर डिस्कला चालवून घेऊ, असं होत नाही.

*२. माप.* नुसती उंची विचारून चालत नाही. पायांची आतली लांबी, हातांची लांबी, कंबर किती वाकते, जुनं दुखणं आहे का, हे सगळं लागतं. आत्ता ग्राहक जी सायकल चालवतो तिची सीट आणि हँडल कुठे आहेत, तेही मोजा. तिथे काय त्रास होतो ते त्याच्याच तोंडून ऐका.

*३. चिमटा.* हीच पायरी बहुतेक जण शेवटी ठेवतात.

किचनचा ओटा बनवताना मिस्त्री आधी काय मागतो? सिंक आणि शेगडीचं माप. कारण त्या वस्तू कंपनीतून ठरलेल्या मापात येतात आणि ओटा त्यांच्याभोवती बसवायचा असतो. इथेही तसंच आहे. कार्बनचा चिमटा साच्यातून येतो. त्याची उंची ठरलेली, पुढचा झोक म्हणजे रेकसुद्धा ४३, ४५, ५० मि.मी. अशा मोजक्या मापांत. फ्रेम मात्र हवी तशी बनते.

ड्रॉइंगनंतर चिमटा बदलला तर? नवा चिमटा साधारण १८ मि.मी. उंच असेल, तर पुढची बाजू उचलली जाते आणि हेड ट्यूबचा कोन जवळपास एक अंशाने मागे झुकतो. समजा ७३ अंश कोन आणि ४५ मि.मी. रेक आहे. तेव्हा ट्रेल, म्हणजे सायकल सरळ धरून ठेवणारं अंतर, साधारण ५६ मि.मी. असतं. कोन ७२ झाला की तेच ६२ च्या आसपास जातं. आकडा छोटा वाटतो, पण वळणावर हँडल जड वाटायला लागतं. ग्राहक म्हणतो, "मजा येत नाही." फ्रेमवाल्याने ड्रॉइंगप्रमाणेच केलेलं असतं, तरी नाव त्याचंच खराब होतं.

स्टीलचा चिमटा घेतला तर कारागीर हवा तो रेक देतो, मडगार्डचे आयलेट लावतो, रंगही फ्रेमला जुळतो. किंमत मोजायची ती वजनात, साधारण ३०० ते ५०० ग्रॅम जास्त. रेसवाल्याला ते खटकेल, लांब फिरणाऱ्याला बहुतेक नाही.

धंद्यासाठी तीन नियम

पहिला, माप घ्यायची फी वेगळी लावा आणि ऑर्डर आली तर बिलातून वजा करा. फुकट सल्ल्याला किंमत राहत नाही.

दुसरा, ड्रॉइंगवर ग्राहकाची सही घ्या. त्यावर चिमट्याचं मॉडेल, उंची, रेक आणि टायरची कमाल रुंदी लिहिलेली हवी. पाइप कापण्याआधीचा बदल फुकट, नंतरचा पैसे घेऊन.

तिसरा, "नाही" म्हणायला शिका. ग्राहकाचं माप तयार फ्रेममध्ये व्यवस्थित बसत असेल आणि खास मागणी काही नसेल, तर तसं स्पष्ट सांगा. आज एक ऑर्डर जाईल, पण हा माणूस पुढची दहा वर्षं सर्व्हिसिंगला तुमच्याकडेच येईल.

आता तुमचं काम. तुमच्या धंद्यात "चिमटा" कुठला? बाहेरून ठरलेल्या मापात येणारी, नंतर बदलली तर सगळं हलवणारी वस्तू कोणती? ती शोधा आणि ऑर्डर फॉर्मवर पहिल्या ओळीत आणा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!