ज्योत, काडी आणि नळी

अ‍ॅमस्टरडॅमच्या कुशीतल्या डीमनमध्ये गॅसवर चालणारं वीजकेंद्र आहे. तिथली वाया जाऊ शकणारी उष्णता गरम पाण्याच्या रूपात पोलादी नळ्यांतून आल्मेर शहरापर्यंत जाते. २०१५ मध्ये केंद्राशेजारी सुमारे २२ हजार घनमीटर गरम पाणी मावणारी टाकीही उभी राहिली.

अशा वितळवून जोडलेल्या नळ्यांच्या युगाची सुरुवात एका ज्योतीने झाली. १८९५ मध्ये ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अ‍ॅसिटिलीन आणि ऑक्सिजनची ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते हे दाखवलं. काही वर्षांतच फूशे आणि पिकार यांनी हातात धरता येणारा टॉर्च केला. तोवर नळ्या आटे पाडून, ताग आणि सफेदा लावून जोडल्या जात. आता दोन टोकं वितळवून एकजीव करता येऊ लागली, आणि तीही विजेशिवाय.

नेदरलँड्सला हे तंत्र १९५९ नंतर फार उपयोगी पडलं. त्या वर्षी ग्रोनिंगनमधल्या स्लोख्टरनजवळ प्रचंड वायुसाठा सापडला, १९६३ मध्ये गॅसयुनी ही गॅसकंपनी स्थापन झाली आणि साठचं दशक सरेपर्यंत देशभर गॅस पोहोचला. त्या गॅसवर चालणाऱ्या हीटिंगच्या नळ्या जोडणाऱ्यांच्या हातात हाच टॉर्च असे.

खरी मेख मात्र सांध्यात वितळवून भरायच्या काडीची. हाताला लागेल ती तार वितळवून चालत नाही. सिलिकॉन आणि मँगनीज नसलेल्या तारेने सांध्यात छिद्रं राहतात. जस्त चढवलेल्या तारेचा धूर तर फुप्फुसांना घातक. काडीवरचा तांब्याचा मुलामा गंज रोखतो, ताकद वाढवत नाही. युरोपात या काड्यांचे सहा वर्ग आहेत. पहिल्या वर्गाचा रस पातळ वाहतो. निकेल असलेल्या तिसऱ्याचा दाट, म्हणून डोक्यावरच्या किंवा उभ्या सांध्यात तो ओघळत नाही. चौथ्यात मॉलिब्डेनम, पाचव्या-सहाव्यात क्रोमियमही. ते बाष्पाच्या तापल्या नळ्यांसाठी. ज्योत तटस्थ हवी: ऑक्सिजन जास्त झाला की धातू जळतो, अ‍ॅसिटिलीन जास्त झालं की त्यात कार्बन शिरून सांधा ठिसूळ होतो.

तीन मिलिमीटरपर्यंतच्या भिंतीला डावीकडे सरकत, त्यापुढे उजवीकडे, ही जुन्या कारागिरांची शिस्त. उजवीकडच्या पद्धतीत ज्योत झालेल्या सांध्याकडे वळलेली राहते आणि तो हळूहळू थंड होतो. ज्योतीने जोडणं एकूणच वेळखाऊ, म्हणून जाड नळ्यांवर टिग आणि आर्क या विजेवरच्या वेल्डिंगने बाजी मारली.

१ जुलै २०१८ पासून नेदरलँड्समधल्या नव्या घरांना सहसा गॅसजोडणी मिळत नाही. भूकंपांनी हैराण झालेलं ग्रोनिंगनचं क्षेत्र २०२४ मध्ये कायद्यानेच बंद झालं. घरातला गॅस जात असला, तरी उष्णता वाहणाऱ्या पोलादी नळ्यांचं जाळं मात्र वाढतंच आहे.