घराण्याचा दोष आणि हंगामाचा

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या नवराबायकोचा मिळून एक ‘कोयता’ होतो. मागे राहिलेली चौदा-पंधरा वर्षांची मुले पाच-सहा महिने आजीच्या हवाली होतात. त्यांतल्या एखाद्याची झोप उडाली, किंवा परीक्षेच्या नावाने त्याचे हातपाय थरथरू लागले, की गावात एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘त्यांच्या घराण्यातच आहे ते.’

हे वाक्य सर्वस्वी खोटे नाही, म्हणूनच ते अधिक घातक आहे. जुळ्यांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र नैराश्याचा आनुवंशिक वाटा सुमारे ३७ टक्के आढळला; रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांना असलेला धोका इतरांच्या सुमारे पावणेतीन पट निघाला. परंतु ३७ टक्के याचा अर्थ एखाद्या मुलाच्या दुःखातील ३७ टक्के दुःख रक्तातून आले, असा नव्हे. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्या फरकातील हा वाटा आहे. एकाच शिवारात मिश्र बियाण्याची ज्वारी पेरली, तर ताटांच्या उंचीतील फरक बियाण्याचा म्हणता येईल. पण तेच बियाणे गेवराईच्या गोदाकाठच्या काळ्या जमिनीत आणि पाटोद्याच्या बालाघाटी मुरमाड रानात पेरले, तर दोन शिवारांतील फरकाचा जाब बियाण्याला कसा विचारणार? शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. सुशिक्षितांना मात्र सांगावे लागते.

नैराश्याचे असे एकच एक जनुकही नाही. आठ लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून २०१९ साली संशोधकांनी १०२ जनुकीय फरक शोधले. प्रत्येकाचा परिणाम अत्यल्प. अमुक मुलाला नैराश्य येणारच, असे सांगणारी रक्ततपासणी आज अस्तित्वात नाही. तरीही मुलीचे लग्न मोडेल या भीतीने घरातील जुने आजारपण लपविले जाते, आणि डॉक्टरांनी विचारलेच तर ‘आमच्याकडे असे कोणी नाही’ असे उत्तर मिळते. जी माहिती मुलाकडे वेळीच लक्ष देण्यास उपयोगी पडावी, तीच दडपली जाते.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. साठ मुलांच्या वर्गात हे प्रमाण चारांच्या घरात जाते. (ज्या राज्यांत हे सर्वेक्षण झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता.)

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक शंका छळते. दोष घराण्याचा ठरला की खर्चाची जबाबदारीही घराण्याचीच ठरते. उचल, हंगाम व रिकामे घर यांचा हिशेब कोणी मागत नाही. वास्तविक ज्या मुलाचा पिंडच हळवा, त्याला हंगामाची झळ अधिक बसण्याचा संभव असतो. आनुवंशिकता मान्य केली तर शासनाची जबाबदारी वाढते. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ साली आली. तेथे खाटा व जेवण यांच्या जोडीला महिन्यातून एकदा तरी समुपदेशक यावा, ही मागणी अवाजवी नाही. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा विनामूल्य दूरध्वनी क्रमांकही २०२२पासून उपलब्ध आहे, तो शाळेच्या फळ्याशेजारी लिहिण्यास कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.