हुकूम, नाव आणि संमती : वाद्यपथकातील छळाची भाषा

'बँड' हा शब्द कानी पडताच गोंदिया-भंडाऱ्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक वरातीपुढे चालणाऱ्या वाजंत्र्यांचे, दुसरे प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात ढोल-बासरी वाजवीत जाणाऱ्या शाळेच्या पथकाचे. अमेरिकेतील महाविद्यालयांत ज्याला 'मार्चिंग बँड' म्हणतात, तो या दोहोंहून निराळा होय. त्यात शे-दोनशे विद्यार्थी असतात. फुटबॉलच्या सामन्यात मध्यंतर झाले की ते मैदानात उतरतात, वाजवीत वाजवीत पावले टाकतात आणि पावलांनी आकृत्या रेखाटतात. एकाचे पाऊल अर्ध्या हाताने चुकले तरी आकृती मोडते. म्हणून अशा पथकात आज्ञापालनाला सुरांइतकेच मोल असते. ही वाजवी शिस्त जेथे संपते आणि छळ जेथे सुरू होतो, ती सीमा शब्दांनी कशी पुसली जाते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. येथे ज्याला 'रॅगिंग' म्हणतात त्याची घडणही बरीचशी तशीच असल्यामुळे हा विषय दूरदेशीचा मानण्याचे कारण नाही.

दोन घटना प्रथम सांगणे अवश्य आहे. फ्लॉरिडा ए अँड एम विद्यापीठाचे 'मार्चिंग हंड्रेड' हे पथक अमेरिकेत नावाजलेले. १९ नोव्हेंबर २०११ रोजी ऑरलँडो येथे सामना आटोपल्यावर या पथकाचा ड्रम मेजर रॉबर्ट चँपियन याला पथकाच्याच बसगाडीत सहकाऱ्यांनी मारहाण केली आणि त्यातच त्याचा अंत झाला. तो २६ वर्षांचा होता. बसच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंचे ठोसे-तडाखे सोशीत जायचे, असा तो 'विधी' होता व त्याला 'बस ओलांडणे' असे साधे, निरुपद्रवी नाव होते. पुढे अनेकांना शिक्षा झाल्या आणि पथकाचे वादन २०१३ पर्यंत बंद राहिले.

दुसरी घटना ओहायो राज्य विद्यापीठातील. या पथकात स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १९७३ मध्ये. २०१४ साली एका पालकाच्या तक्रारीवरून विद्यापीठाने चौकशी केली. पथकातील वातावरण लैंगिक स्वरूपाचे झाले आहे आणि संचालकांना ते ठाऊक असूनही, किंवा ठाऊक असावयास हवे असूनही, त्यांनी पुरेसा प्रतिबंध केला नाही, असा निष्कर्ष जुलै २०१४ मधील अहवालात निघाला. नव्या सभासदांना टोपणनावे दिली जात. त्यांतील कित्येक लैंगिक अर्थाची असत. त्या नावाला साजेशी 'करामत' करून दाखवावी लागे. मध्यरात्री अंतर्वस्त्रांनिशी मैदानात संचलन होई. संचालक जोनाथन वॉटर्स यांना पदावरून दूर करण्यात आले. आपण सुधारणाच करीत होतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी न्यायालयात दाद मागितली, परंतु तेथे त्यांना यश आले नाही. पथकाच्या माजी सभासदांनीही अहवाल एकांगी असल्याचे सांगितले. हा वाद लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण प्रथेच्या आत वाढलेल्याला तीच प्रथा बाहेरून कशी दिसते हे सहसा दिसत नाही.

आता नावाचा विचार करू. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी दाखविले की काही वाक्ये वस्तुस्थिती सांगत नाहीत, ती वस्तुस्थिती घडवितात. नामकरण हे त्याचे उत्तम उदाहरण. मात्र अशी उक्ती फलद्रूप होण्यास बोलणाऱ्याला तसा अधिकार असावा लागतो. बारशाला आत्याने कानात नाव सांगितले म्हणजे ते नाव होते. वाटेवरच्या माणसाने सांगितले तर होत नाही. लग्नात तांदळांत अंगठीने नाव रेखून नवरीचे नाव पालटण्याची चाल महाराष्ट्रात अनेक घरांत होती व आजही काही ठिकाणी आहे. नव्या घरात शिरताना जुने नाव उंबऱ्याबाहेर ठेवावयाचे, असा तिचा आशय. पथकातील अश्लील टोपणनाव याच साच्यात बसते, फरक एवढाच की येथे नाव देणाऱ्यांना कोणी अधिकार दिलेला नसतो. नाव निमूटपणे स्वीकारले जाते आणि त्या स्वीकारातूनच अधिकार निर्माण होतो. आपल्या वसतिगृहांत नवागताला 'फच्चा' म्हणतात. हा शब्द त्यामानाने सौम्य असला तरी त्याचे व्याकरण तेच आहे. पहिल्या दिवशी माणसाचे नाव काढून घ्यावयाचे, म्हणजे पुढच्या मागण्या करणे सोपे जाते.

संबोधनाचीही तीच गोष्ट. ब्राउन व गिल्मन यांनी १९६० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे दाखविले की, जेथे एक पक्ष 'तू' म्हणतो आणि दुसऱ्याला 'आपण'च म्हणावे लागते, तेथे सर्वनामांची ही विषम देवघेव सत्तेची निदर्शक असते. वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या विद्यार्थ्याला 'सर' म्हणण्याची सक्ती वैद्यकीय व तंत्रशिक्षणाच्या अनेक महाविद्यालयांत सर्वश्रुत आहे. बोलताना मान खाली घालून स्वतःच्या सदऱ्याच्या तिसऱ्या गुंडीकडे पाहावयाचे, ही सक्तीही तितकीच प्रसिद्ध. शिक्षकासाठी राखलेला शब्द सहाध्यायाला लावला की त्या शब्दाबरोबर शिक्षकाची आज्ञा करण्याची सत्ताही त्याच्याकडे जाते.

वाद्यपथकात या विषमतेला आणखी एक आधार मिळतो. राष्ट्रीय छात्रसेनेच्या संचलनात 'सावधान', 'विश्राम', 'तेज चल', 'थम' हे हुकूम गोंदियाचा विद्यार्थीही हिंदीतूनच ऐकतो. हुकूम कानी पडताच अर्थाचा विचार न करता शरीराने तो पाळावा, हाच कवायतीचा उद्देश असतो आणि त्या क्षेत्रापुरता तो योग्यच आहे. परंतु दुपारी मैदानावर ज्या आवाजाने 'थम' म्हटले, त्याच आवाजाने रात्री खोलीत 'कपडे काढ' म्हटले, तर सहा महिने विचाराविना आज्ञा पाळण्याचा सराव झालेल्या मुलाने ही दुसरी आज्ञा वेगळी कशी ओळखावी? व्याकरणदृष्ट्या दोन्ही आज्ञार्थच आहेत. बोलणारा तोच, ऐकणारा तोच. वेगळेपण फक्त अधिकारात आहे आणि अधिकार क्रियापदाच्या रूपात दिसत नाही.

येथून संमतीचा प्रश्न उपस्थित होतो. 'त्याने स्वतःच हो म्हटले होते' हा अशा प्रकरणांतील ठरलेला बचाव. चँपियन बसमध्ये आपण होऊन गेला, असेही सांगितले गेले. फ्लॉरिडाच्या कायद्याने मात्र ही वाट आधीच बंद केली होती. तेथे पीडिताची संमती हा बचाव ठरत नाही. महाराष्ट्राने १९९९ मध्ये, म्हणजे भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी, रॅगिंगला प्रतिबंध करणारा अधिनियम केला. त्यातील व्याख्या भाषेच्या अभ्यासकाने बारकाईने वाचण्यासारखी आहे. शारीरिक वा मानसिक इजा, भीती, लज्जा किंवा संकोच उत्पन्न करणारे बेशिस्त वर्तन तीत येतेच. शिवाय विद्यार्थी सामान्यतः जे कृत्य स्वेच्छेने करणार नाही, ते त्याला करावयास सांगणे हेही येते. यातील 'सामान्यतः' हे क्रियाविशेषण मोलाचे आहे. त्या रात्री, त्या खोलीत, दहा जणांच्या मध्ये उभा असताना तो 'हो' म्हणाला किंवा नाही, हा प्रश्न व्याख्या विचारीत नाही. एरवी, आपल्या नेहमीच्या जीवनक्रमात, त्याने ते केले असते काय, एवढेच ती विचारते. तसेच 'सांगणे' एवढ्यानेच अपराध होतो, बळजबरी सिद्ध करावी लागत नाही. या अपराधाला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

एवढ्या गंभीर कृत्याला मराठीत घरचा शब्द नाही, ही नवलाची बाब आहे. 'रॅगिंग' इंग्रजी विद्यार्थ्यांच्या बोलीतून आले. खुद्द इंग्लंडात 'रॅग' म्हणजे आज विद्यार्थ्यांनी धर्मादाय कामासाठी केलेली निधिसंकलनाची धमाल. अमेरिकेतील 'हेझिंग' खलाशांच्या बोलीतले; विनाकारण कष्टाची कामे लावून माणसाला जेरीस आणणे हा त्याचा मूळ अर्थ. मराठीने 'थट्टा', 'चेष्टा', 'खोडी' आणि अरबीतून आलेली 'मस्करी' असे हलके शब्द तेवढे पुढे केले. लैंगिक वर्तनासाठी हिंदीतून 'छेडछाड' आली, तीही जणू सतारीची तार छेडावी इतक्या अलगदपणे. कायद्याच्या भाषेतील 'विनयभंग' गंभीर खरा, पण त्यात भंग पावतो तो पीडितेचा विनय. करणाऱ्याच्या कृत्याचे वर्णन त्या शब्दात नाही. शिवाय तो अपराध स्त्रीविरुद्धच घडू शकतो. पथकातील मुलग्याला विवस्त्र केले तर त्यासाठी हा शब्द निरुपयोगी आहे. १९९७ च्या विशाखा निर्णयानंतर व २०१३ च्या कायद्यानंतर 'लैंगिक छळ' हा शब्दप्रयोग रूढ झाला. २०१३ चा कायदाही स्त्रियांपुरता आहे; परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत विवस्त्र करणे, लैंगिक अत्याचार आणि अश्लील हावभाव करावयास लावणे यांचा समावेश पीडिताचे लिंग न पाहता केलेला आहे.

'छळ' या शब्दाकडे जाता जाता पाहण्यासारखे आहे. संस्कृतात 'छल' म्हणजे कपट; न्यायशास्त्रात तर प्रतिपक्षाच्या शब्दाला भलताच अर्थ चिकटवून वाद जिंकण्याला छल म्हणतात. 'अहो, ती गंमत होती' हा बचाव म्हणजे त्या शास्त्रीय अर्थानेही छलच.

शब्दांपेक्षा वाक्यरचना अधिक घातक ठरते. 'वसतिगृहात रॅगिंगचा प्रकार घडला' हे मराठी वृत्तपत्रातील नेहमीचे वाक्य घ्या. 'घडणे' अकर्मक; त्याला कृत्य करणारा सांगावा लागत नाही. पाऊस पडतो, भूकंप होतो, तसा प्रकार घडतो. 'केला' म्हटले की 'कोणी?' हा प्रश्न येतो. 'घडला' म्हटले की तो येतच नाही. 'गैरप्रकार', 'अनुचित वर्तन', 'अश्लील चाळे' ही नामेही अशीच धूसर असतात. संस्थांची पत्रके या रचनेला का धरून राहतात, हे सांगणे नको.

छळाची भाषा जातीच्या व बोलीच्या भाषेत कशी मिसळते, याचे महाराष्ट्रातील स्मरण ताजे आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, जळगावकडील तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी जीवन संपविले. तीन वरिष्ठ सहकाऱ्यांनी त्यांना जातिवाचक बोलून हिणविल्याचा आरोप झाला आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधाच्या कायद्याबरोबरच १९९९ चा अधिनियमही लावण्यात आला. हे प्रकरण लैंगिक छळाचे नव्हे. पण हत्यार तेच, वरिष्ठाच्या तोंडचा शब्द. आयोगाने २०१६ च्या दुरुस्तीने जात, लिंग, लैंगिक कल, प्रादेशिक मूळ यांच्या जोडीला भाषिक ओळखीवरून केलेला छळही रॅगिंगच्या व्याख्येत घातला होता. गोंदिया जिल्ह्याला हे कलम विशेष जवळचे आहे. सालेकसा-देवरीकडून येणारा विद्यार्थी घरी गोंडी, हलबी किंवा छत्तीसगढी बोलतो, गोरेगाव-तिरोड्याकडचा पोवारी, अर्जुनी-मोरगावकडचा झाडीबोली. शहरात हिंदी आणि वर्गात प्रमाण मराठी. त्याच्या उच्चाराची नक्कल हा बहुधा पहिल्या संध्याकाळच्या 'इंट्रो'तला पहिला विनोद असतो आणि नंतरच्या मागण्या त्या हशाच्या आडून येतात.

१९९९ च्या अधिनियमानुसार विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांनी लेखी तक्रार केल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करावयाची असते. सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावयाची असते. प्रमुखाने हयगय केली तर त्यानेच अपराधाला साह्य केले, असे मानले जाते. सारी भिस्त 'लेखी' या शब्दावर आहे. जो मुलगा झाडीबोलीत 'त्याने मला अमुक नावाने हाक मारली आणि अमुक करायला लावले' हे मित्राला नीट सांगू शकतो, तोच कागदावर प्रमाण मराठी लिहू लागताच 'माझ्याशी अनुचित वर्तन घडले व अर्वाच्य शब्द वापरण्यात आले' असे लिहितो. अर्वाच्य म्हणजे जे उच्चारू नये ते. तक्रारीत ते टोपणनाव अक्षरशः लिहिलेले नसते, कर्ता नसतो, क्रियापद नसते. आणि चौकशी समितीपुढे तपासण्याजोगे जे होते, ते नेमके तेवढेच होते.