उपयोजित सकारात्मक मानसशास्त्राचे पदव्युत्तर अध्ययन : वैद्यांनी त्यातून काय घ्यावे?

रुग्णास औषध देताना आपण चूर्णाची मात्रा, अनुपान व सेवनकाल काटेकोरपणे सांगतो. त्याच वेळी ‘मन प्रसन्न ठेवा, चिंता करू नका’ असेही सांगतो. मात्र ते कसे करावे, किती दिवस करावे आणि कोणी करू नये, याविषयी आपण बहुधा मौन पाळतो. वास्तविक सुश्रुताचार्यांनी स्वस्थाच्या लक्षणांत दोष, अग्नी, धातू व मलक्रिया यांच्या साम्याबरोबरच आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नता गणली आहे. चरकसंहितेत सुखायु व हितायु यांचे स्वतंत्र वर्णन असून सद्वृत्त व आचाररसायन यांचा सविस्तर उपदेश आहे. मनाचे स्वास्थ्य हा आपल्या शास्त्राचा गाभ्याचा विषय आहे. त्याविषयीचा सल्ला मात्र व्यवहारात मोघम राहिला आहे. या पार्श्वभूमीवर पाश्चात्त्य विद्यापीठांत शिकविल्या जाणाऱ्या ‘उपयोजित सकारात्मक मानसशास्त्र’ या विषयाचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्राचा उगम

मार्टिन सेलिग्मन हे १९९८ साली अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मानसशास्त्राने मनोविकारांचा पुष्कळ अभ्यास केला, परंतु माणसाचे जीवन कशाने बहरते याकडे दुर्लक्ष केले, असे त्यांचे प्रतिपादन होते. २००० साली त्यांनी व मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात या विषयाची रूपरेषा मांडली. २००४ साली ख्रिस्तोफर पीटरसन व सेलिग्मन यांनी ६ सद्गुणांखाली २४ चारित्र्यबलांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. पुढे २०११ मध्ये सेलिग्मन यांनी सुस्थितीची पाच अंगे सांगितली : सुखद भावना, तल्लीनता, परस्परसंबंध, जीवनाची अर्थपूर्णता व कार्यसिद्धी.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

या विषयाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००५ साली सुरू झाला. इंग्लंडमधील ईस्ट लंडन विद्यापीठाने २००७ साली असाच अभ्यासक्रम आरंभिला. पेनसिल्व्हेनियाच्या अभ्यासक्रमाची रचना नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकणाऱ्यांसाठी आहे. वर्षभराच्या अध्ययनात घरचा अभ्यास व ठरावीक सप्ताहान्तांना फिलाडेल्फिया येथे प्रत्यक्ष वर्ग, असा मेळ घातलेला असतो. शेवटी प्रत्येकास एक समारोप-प्रकल्प सादर करावा लागतो. शिक्षक, वैद्यकीय व्यावसायिक, विधिज्ञ, उद्योगांतील अधिकारी असे भिन्न व्यवसायांतील विद्यार्थी तेथे येतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. ही पदवी मनोरुग्णांवर उपचार करण्याचा परवाना देत नाही. आपल्या देशातही चिकित्सक-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आयुर्वेदीय पदव्युत्तर शिक्षणात ‘मनोविज्ञान व मानसरोग’ हा स्वतंत्र विषय आहे. मानसरोगचिकित्सेची आकांक्षा धरणाऱ्या वैद्याने त्या वाटेचाच विचार करणे श्रेयस्कर.

मग या अभ्यासक्रमाचे वैशिष्ट्य कशात आहे? सुखाच्या व्याख्या तत्त्वज्ञानातही सापडतात. येथे त्यांच्या जोडीला संशोधनपद्धतीचे शिक्षण मिळते. म्हणजे ‘अमुक केल्याने मन प्रसन्न होते’ या विधानाची परीक्षा कशी करावी, हे शिकविले जाते. हाच भाग आपल्या उपयोगाचा आहे.

एका उपायाची परीक्षा

उदाहरणार्थ, ‘तीन चांगल्या गोष्टी’ हा उपाय पाहू. रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवशी चांगल्या घडलेल्या तीन गोष्टी लिहावयाच्या व प्रत्येक गोष्ट का घडली हेही लिहावयाचे. असे एक आठवडा करावयाचे. उपायाची कृती, काल व मर्यादा येथे निश्चित आहेत. सेलिग्मन व सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५७७ व्यक्तींना निरनिराळ्या गटांत विभागले. एका गटास केवळ बालपणीच्या आठवणी लिहिण्यास सांगितले. हा तुलनेचा गट होय. तीन चांगल्या गोष्टी लिहिणाऱ्यांत सहा महिन्यांपर्यंत समाधान वाढलेले व खिन्नतेची लक्षणे घटलेली आढळली. उपकारकर्त्यास कृतज्ञतेचे पत्र प्रत्यक्ष वाचून दाखविणाऱ्या गटात आरंभी मोठा लाभ दिसला, परंतु तो महिनाभरच टिकला.

तथापि हे सहभागी संकेतस्थळावर स्वतः होऊन आलेले, म्हणजे सुधारणेची इच्छा असणारे होते. २००९ साली अशा ५१ उपायांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा लाभ बराच दिसला. २०१९ साली याच स्वरूपाच्या माहितीचे पुनर्विश्लेषण झाले आणि लहान गटांवरील अभ्यासांमुळे येणारा फुगवटा वजा केल्यावर लाभ अल्प उरला. उपाय निरर्थक ठरला नाही, त्याची मात्रा मात्र ठाऊक झाली.

एका विद्यार्थ्याची शंका

या अध्ययनाचे खरे मोल एका घटनेतून विशेष कळते. बार्बरा फ्रेडरिक्सन व मार्सियल लोसाडा यांनी २००५ साली असे प्रतिपादन केले की, सुखद व दुःखद भावनांचे प्रमाण २.९०१३ या आकड्याच्या वर गेले की माणसाचे जीवन बहरते. चार दशांश स्थळांपर्यंतचा हा आकडा सर्वत्र उद्धृत होऊ लागला. ‘तीनास एक’ हे सूत्र व्याख्यानांतून व प्रशिक्षणांतून सांगितले जाऊ लागले.

२०११ च्या सुमारास ईस्ट लंडन विद्यापीठाच्या याच अभ्यासक्रमात निक ब्राउन हे संगणकक्षेत्रात काम केलेले, पन्नाशीच्या आसपासचे विद्यार्थी शिकत होते. वर्गात हे सूत्र ऐकताच त्यांना शंका आली. माणसांच्या भावना इतक्या भिन्न, मग सर्वांना एकच आकडा कसा लागू पडेल? त्यांनी मूळ लेख वाचला व भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल आणि मानसशास्त्रज्ञ हॅरिस फ्रीडमन यांचे साहाय्य घेतले. तेव्हा दिसून आले की, लेखातील समीकरणे तापलेल्या द्रवाच्या हालचालींच्या अभ्यासातून उचललेली होती. ती भावनांना का लागू व्हावीत याचे समर्थन कोठेही नव्हते. द्रवाच्या उदाहरणासाठी घेतलेले स्थिरांकच येथे वापरल्यामुळे तो आकडा निघाला होता. तिघांचा लेख २०१३ साली प्रसिद्ध झाला व मूळ लेखातील गणिती भाग मागे घेण्यात आला. फ्रेडरिक्सन यांनी सुखद भावनांच्या महत्त्वाविषयीचे आपले मत कायम ठेवले. परंतु त्या आकड्याचा आधार गेला.

त्या विषयाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यानेच त्या विषयातील बहुमान्य विधानाची परीक्षा केली, हे येथे लक्षात घ्यावे. अध्ययन हे श्रद्धा वाढविण्यासाठी नसून परीक्षाबुद्धी तीक्ष्ण करण्यासाठी असते.

वैद्य व फार्मसीचालकांसाठी

‘हे तर आमच्या ग्रंथांत पूर्वीच आहे’ असे म्हणून थांबण्याचा मोह आपल्याला होतो. साम्य आहे, हे खरे. परंतु आचाररसायनाचा उपदेश कोणत्या रुग्णास, किती काळ व कोणत्या फलासाठी केला, याची नोंद आपल्यापैकी किती जणांकडे आहे? निद्रानाशाच्या किंवा अम्लपित्ताच्या दहा रुग्णांना औषधाबरोबर एखादा निश्चित मानसोपाय सांगावा, लक्षणे आरंभी व महिन्यानंतर लिहून ठेवावीत, गुण न आलेल्यांचीही नोंद ठेवावी. एवढ्या नोंदीने सिद्धांत ठरणार नाही; सवय मात्र लागेल.

निषेधही सांगावयास हवेत. नुकताच शोक झालेल्या व्यक्तीस ‘चांगले तेच पाहा’ असे सांगणे ही चिकित्सा नव्हे. तीव्र विषादाच्या अथवा आत्मघाताचे विचार बोलून दाखविणाऱ्या रुग्णास प्रसन्नतेचा उपदेश करून घरी पाठवू नये. त्यास विनाविलंब मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे.

फार्मसीचालकांनी २.९०१३ हा आकडा विशेष ध्यानात ठेवावा. मेध्य व रसायन कल्पांच्या माहितीपत्रकात तणाव इतके टक्के कमी होतो, असे छापण्यापूर्वी तो आकडा कोणत्या रुग्णांवरून व कोणत्या तुलनेतून आला, हे विचारावे. आकड्याची सूक्ष्मता म्हणजे आकड्याची सत्यता नव्हे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात, तिस्रैषणीयात, सत्त्वावजय चिकित्सा सांगितली आहे. त्याच अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती ही चतुर्विध परीक्षाही सांगितली आहे. आपण पहिल्या गोष्टीचा अभिमान बाळगतो. दुसरीचा अवलंब केल्यावाचून तो अभिमान सार्थ होणार नाही. परदेशी जाऊन ही पदवी घेणे थोड्यांनाच शक्य आहे. परीक्षेचा आरंभ मात्र प्रत्येक वैद्यास आपल्या रुग्णपत्रिकेपासून करता येईल.